टांगा कोण हाकत होता?

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादहून, निघालेला रस्ता दौलताबाद आणि वेरूळ मागे टाकून आमच्या कन्नडला येतो आणि घाट उतरून चाळीसगावला जातो. या एकाच रस्त्यावर बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन जखमा आहेत. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्याजवळ हौदातल्या पाण्याने तोंड धुतले म्हणून पाणी बाटल्याचा गिल्ला झाला. त्याआधी १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी महाराला गाडीत घेऊन जायला नकार दिला. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात स्वतः लिहून ठेवले आहेत. आम्ही तारखेसाठी, लग्नासाठी, सभेसाठी याच रस्त्याने जातो-येतो. पण चाळीसगावच्या प्रसंगातला एक बारकावा अलीकडे माझ्या डोक्यातून जात नाही.

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. धुळ्याकडचे काम उरकून ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर तासभर ताटकळावे लागले. टांगेवाले तयार नव्हते आणि एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी नेणे महारवाड्याला अपमानाचे वाटत होते. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. तेव्हा आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि गाडी खाली पात्रात गेली. पायाचे हाड मोडले.

हाड बसवणाऱ्या डॉक्टरने टांगा कोण हाकत होता हे विचारले नाही तरी चालते. हाड जुळते. मनाचे तसे नाही. मन मोडलेल्या माणसापुढे बसून त्याचा टांगा कोण हाकत होता, खरा टांगेवाला का आला नाही, आणि ज्याने हाकला त्याने तो कोणत्या मायेपोटी हाकला, एवढे ज्याला विचारता येत नाही, त्याच्या हाती मनाचा इलाज नाही. आजचा लेख याच एका गोष्टीसाठी आहे.

आमच्या तालुक्यातील एका मावशीची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गायरानाच्या तुकड्यावर त्यांच्या घराने वर्षानुवर्षे पेरणी केलेली. एका खरिपात उभ्या मक्यात गावातल्या काहींनी जनावरे सोडली. जाब विचारायला गेलेल्या मावशींना आणि त्यांच्या मुलाला जातीवाचक शिव्या देऊन मारहाण झाली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला तीन दिवस गेले. गुन्हा नोंदवला आणि गिरणीत दळण मिळेना, दुकानात उधारी मिळेना, सालदाराला काम मिळेना. आरोपी जामिनावर सुटले. खटला मी पाहत होतो. फिर्याद, पंचनामा, जबाब, सारे जागच्या जागी होते. एक दिवस मावशी ऑफिसात येऊन म्हणाल्या, "सायब, निकाल लागंल कव्हातरी. पर मला झोप कव्हा लागंल?"

मी काय केले? सगळेच वकील करतात तेच केले. शहरातल्या एका डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. मावशी गेल्या. डॉक्टरांनी नाव विचारले, आडनाव विचारले, गाव विचारले. पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "जुने डोक्यातून काढून टाका. गावाशी जुळवून घ्या." गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी काही रात्री झोप आली, पुन्हा गेली. रात्री मोटारसायकलचा आवाज आला की मावशी उठून कडी चाचपून पाहत. डॉक्टरांच्या कागदावर ती अवाजवी भीती होती. त्या गावात मात्र ती मोटारसायकल खरी होती, तिच्यावर बसणारे खरे होते आणि ते रोज दारावरून जात होते. खऱ्या धोक्याला भ्रम म्हणायचे आणि अन्याय करणाऱ्यांशी जुळवून घ्यायला सांगायचे, याला उपचार म्हणत नाहीत. याला पंचायतीची तडजोड म्हणतात. ती पांढरा कोट घालून केली एवढाच काय तो फरक.

पुढे ओळखीतून समुपदेशनाचे शिक्षण घेतलेली एक तरुण कार्यकर्ती मिळाली. मुलगी आपल्या समाजाची नव्हती, हे मुद्दाम सांगतो. पहिल्या दिवशी तिने वही उघडली नाही. मावशींच्या घरी गेली, जमिनीवर बसली आणि आधी पाणी मागितले. पाणी मागणे म्हणजे काय, हे या दैनिकाच्या वाचकाला समजावून सांगायला नको. मावशींनी चहा टाकला. त्या दिवशी शेताचे बोलणे झाले, वसतिगृहात शिकणाऱ्या मुलीचे झाले, खटल्याचा शब्दही नाही. दर गुरुवारी ती येत राहिली. ठरलेल्या वेळी येत राहिली, हे महत्त्वाचे. कारण आपल्या माणसाने आयुष्यभर पाहिलेले असते ते येतो म्हणून न येणारे अधिकारी.

चौथ्या की पाचव्या गुरुवारी तिने विचारले, "मावशी, यंदा वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला जात नाही का?" आणि मावशी ढसाढसा रडल्या. तेव्हा कळले की सर्वांत खोल घाव आरोपींचा नव्हताच. बहिष्कार साऱ्या वस्तीवर पडला होता आणि विहाराच्या ओट्यावर कोणी बाई बोलून गेली होती, "तुझ्यापायी आमची चूल बंद झाली." त्या दिवसापासून मावशींनी विहाराची पायरी चढली नव्हती. दोन वर्षे मी त्यांचा वकील होतो. त्यांचा प्रत्येक जबाब मला पाठ होता. एवढी एक गोष्ट मी कधी विचारली नाही.

त्या मुलीने पुढे काय केले ते साधे होते. वस्तीतल्या दोन बायकांना मावशींच्या घरी आणून बसवले. बोलून गेलेली बाईही नंतर आली. तिचीही चूल बंद होती, तिलाही भीती होती. मला त्या मुलीने स्पष्ट सांगितले, "वकील साहेब, मोटारसायकलची भीती मी घालवू शकत नाही, ती तुम्हीच घालवा." संरक्षणासाठी अर्ज केला, पोलिसांची फेरी सुरू झाली. मावशी आजही कधी मध्यरात्री उठतात. पण त्यांनी कोर्टात उभे राहून साक्ष दिली. उलटतपासात एकदा गप्प झाल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा बोलल्या. निकाल अजून यायचा आहे.

या उपचारात काय होते? एक, समोरच्या माणसाच्या जगाची माहिती. जात म्हणजे काय, पाणी, गायरान, बहिष्कार म्हणजे काय, विहार म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते किंवा ते शिकण्याची तिची तयारी होती. दोन, नाते. आधी विश्वास, मग प्रश्न. तीन, दुखणे एकट्या माणसाच्या डोक्यात आहे असे न मानता ते वस्ती, गाव आणि कायदा यांच्यामध्ये जिथे होते तिथे शोधण्याची दृष्टी. यासाठी आपल्याच जातीत जन्म घ्यावा लागतो असे नाही. जातीकडे डोळेझाक करणार नाही एवढा प्रामाणिकपणा मात्र लागतो. "मी जात मानत नाही, म्हणून विचारतही नाही" असे म्हणणारा समुपदेशक स्वतःला पुरोगामी समजतो. पण जो प्रश्न तो विचारत नाही, त्याचे उत्तर घेऊन आपला माणूस तसाच घरी परततो.

जगात हा धडा पूर्वीच शिकून झाला आहे. फ्रान्झ फॅनन हा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ १९५३ साली फ्रेंचांच्या ताब्यातील अल्जेरियात ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाला. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात त्याने सभा, सण, वर्तमानपत्र असे उपक्रम सुरू केले आणि त्यांना गुण आला. तेच उपक्रम अल्जेरियन मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात सपशेल फसले. रुग्णांना दोष देणे सोपे होते. फॅननने दोष स्वतःच्या पद्धतीला दिला. परक्या संस्कृतीचा साचा आपण या माणसांवर लादत होतो, हे त्याने कबूल केले. दुभाषामार्फत विचारलेला प्रश्न त्या माणसांना कोर्टाची आणि पोलिसांची आठवण करून देतो, हेही त्याच्या ध्यानात आले. मग वॉर्डात त्यांच्या पद्धतीचे कॉफीघर आले, त्यांचे सण आले, त्यांचा कथेकरी आला आणि माणसे बोलू लागली. १९५६ साली फॅननने राजीनामा दिला. आपल्याच देशात माणसाला परके करून ठेवणारी व्यवस्था शाबूत असताना इस्पितळात त्याला बरे करण्याला अर्थ काय, हा त्याचा सवाल होता. त्याच वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना परकेपणातून बाहेर काढले. धर्मांतर ही राजकीय आणि धार्मिक क्रांती होतीच, पण कोट्यवधी माणसांच्या मनावरचा तो सर्वांत मोठा सामुदायिक उपचारही होता, असे मी म्हणेन.

आता कायद्याकडे येऊ. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ती परवडणारी, जवळ उपलब्ध असणारी, धर्म, संस्कृती, जात, वर्ग यावरून भेदभाव न करणारी आणि रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला स्वीकारार्ह वाटेल अशा रीतीने दिलेली असली पाहिजे. हा 'स्वीकारार्ह' शब्द कार्यकर्त्यांनी अधोरेखित करून ठेवावा. "गावाशी जुळवून घ्या" हा सल्ला अत्याचारपीडित बाईला स्वीकारार्ह नाही, एवढे सांगायला वकिलाची सनद लागत नाही. कलम ३ सांगते की माणसाच्या सामाजिक स्थितीवरून किंवा तो कोणत्या सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटाचा आहे यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. समाजातील रूढ मूल्ये मानत नाही म्हणूनही ठरवता येणार नाही. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुने कलम ३०९ ही गेले. तरीही पोलिसांच्या भीतीने आपली कुटुंबे असा प्रसंग लपवतात आणि वाचलेल्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचे टाळतात.

ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेले कलम १५ अ पीडितांना व साक्षीदारांना संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च, तपास आणि खटल्याच्या काळात सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आणि गरज पडल्यास स्थलांतर यांचा हक्क देते. अर्थसहाय्याचा तक्ता ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत जातो. आम्ही कार्यकर्ते धनादेशासाठी समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतो आणि झिजवायलाच हव्यात. पण सामाजिक पुनर्वसन या शब्दात पीडिताचे मन येत नाही काय? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भैयालाल भोतमांगे यांचे सारे कुटुंब संपवले गेले. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ ते जगले, कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये गेले. आपण त्यांच्या नावाने मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. त्या दहा वर्षांतल्या त्यांच्या रात्रींबद्दल आपल्यापैकी किती जणांनी विचार केला? आणि नामांतराच्या दंगलीत १९७८ साली ज्यांची घरे मराठवाड्यात जळाली, त्या घरांतली तेव्हाची मुले आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना कोणी कधी विचारले?

सरकारी व्यवस्थेची स्थिती काय? राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला त्या चारांत एकही आले नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून आहे. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या आणि विहाराच्या भिंतीवर लिहिला गेला पाहिजे. पण फोन हा दरवाजा आहे. आत बसलेला माणूस आपले जग ओळखणारा नसेल तर दरवाजा उघडून उपयोग काय?

असा माणूस तयार करता येतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने पेठ या आदिवासी तालुक्यातील ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' हा प्रकल्प राबवला. गावातल्याच माणसांना दुःखात असलेला माणूस ओळखायला, त्याचे ऐकून घ्यायला, अडचण सोडवण्याची वाट त्याच्यासोबत शोधायला आणि सरकारी योजनेपर्यंत त्याचा हात धरून न्यायला शिकवले. ज्याला गरज आहे त्याला डॉक्टरकडे पाठवले. २०१७ पासून हे काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेले. आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात २००६ पासून दवाखान्याच्या आवारातील बाकावर प्रशिक्षित आजीबाई बसतात आणि खिन्न माणसाशी त्याच्याच भाषेत बोलतात. तिथले लोक दुखण्याला 'फार विचार करणे' म्हणतात. आपल्या बायकाही "विचार लागलाय" असेच म्हणतात. आजीबाईंना ते दुसऱ्या भाषेत समजावून सांगावे लागत नाही.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. चळवळीतल्या माणसाने रडायचे नाही, असा अलिखित दंडक आपण करून ठेवला आहे. वाघाची उपमा ऐकून मोठी झालेली पोरे दुःख सांगायला लाजतात. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईत गेली. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. ती स्वतः डॉक्टर होती, इस्पितळात राहत होती, भोवती डॉक्टरच होते. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीचे वास्तव प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ सालीच सरकारपुढे ठेवले होते. थोरात सर मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे आपल्याच अंगणातले. अहवाल वाचला कोणी? गेल्यावर आपण फलक लावतो, मेणबत्त्या लावतो. जिवंत असताना शेजारी बसायला कोणी नसते. हा दोष फक्त मनुवाद्यांवर ढकलून चालणार नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, वकील साहेब, हे समुपदेशन म्हणजे संघर्षाची धार बोथट करण्याचा डाव आहे. अन्यायाला आजार ठरवायचे आणि गोळी देऊन झोपवायचे. हा संशय निराधार नाही, वर सांगितलेला डॉक्टर त्याचा पुरावा आहे. म्हणूनच मी म्हणतो की कोणताही उपचार नव्हे, जात ओळखणारा उपचार हवा. गोळ्यांचे मी वावडे सांगत नाही. तज्ज्ञाने दिलेले औषध घ्यावे, मनाने बंद करू नये आणि भगत-बाबाच्या नादी तर मुळीच लागू नये. पण मावशींनी साक्ष दिली ती मन सावरल्यावर. सावरलेला माणूस तडजोड करत नाही, मोडलेला करतो. ॲट्रॉसिटीचे कितीतरी खटले फितुरीत जातात. त्यामागे धमकी आणि पैसा असतो तसे फिर्यादीचे एकटेपणही असते.

आणि हे आपल्याला परके नाही. विनयपिटकात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, सोबती त्याला टाकून गेले होते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, आनंदासह त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि संघाला बजावले की माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. चांगल्या शुश्रूषकाचे गुणही तिथे सांगितले आहेत. त्याने औषधपाणी जाणावे, घाणीची किळस करू नये, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रोग्याला उभारी द्यावी. नात्यातून उपचार म्हणतात तो हाच. आमच्याच कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत मगिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबाने दिलेल्या दानाची नोंद आहे. वैद्य आणि विहार यांचे नाते या डोंगरात इतके जुने आहे.

म्हणून काही मागण्या आणि काही कामे. जिल्हा व उपविभाग पातळीवरील दक्षता व सनियंत्रण समित्यांत आपले जे सदस्य आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत प्रत्येक ॲट्रॉसिटी प्रकरणात पीडित कुटुंबाला प्रशिक्षित समुपदेशक मिळाला का, हा प्रश्न लेखी विचारावा. समाजकल्याणच्या वसतिगृहांत ठरावीक दिवशी समुपदेशक यावा आणि विद्यार्थ्याचे बोलणे गृहपालाच्या कानी जाणार नाही याची हमी असावी. समुपदेशकांच्या प्रशिक्षणात जात हा विषय सक्तीचा करावा, आणि बार्टीने आपल्या मुलामुलींना या शिक्षणासाठी अधिछात्रवृत्ती द्यावी. आपण काय करायचे? प्रत्येक विहाराने दोन माणसे, त्यात एक बाई, अशी निवडावी जी ऐकायला शिकतील आणि ऐकलेले पोटात ठेवतील. वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर अर्धा तास ओट्यावर बसावे. जी बाई यायची बंद झाली आहे, तिच्या घरी जावे आणि आधी पाणी मागावे.

चाळीसगावला ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेबांचा पाय मोडला. मार्च १९३० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बरे व्हायचे ते गावाशी जुळवून घेण्यासाठी नव्हे, पुन्हा चालण्यासाठी. आपल्या मोडलेल्या माणसांना पुन्हा चालते करणे हेही चळवळीचेच काम आहे, आणि त्या कामाची सुरुवात एका प्रश्नाने होते. दादा, ताई, मावशी, टांगा कोण हाकत होता?

जयभीम!